दगडातला शंख आणि पुस्तकातला जीवाश्म

वणी येथे शिक्षकांच्या एका शिबिरात आम्ही खडकांविषयी बोलत होतो. मधल्या सुट्टीत एका शिक्षकांनी पिशवीतून मूठभर आकाराचा एक राखाडी दगड काढून टेबलावर ठेवला. दगडाच्या एका बाजूवर बोटाच्या पेराएवढे पाच-सहा शंख अर्धवट बाहेर आलेले दिसत होते. शिक्षक म्हणाले, "सातवीतल्या मुलाने आणून दिला. म्हणाला, 'सर, असे शंखाचे गोटे तं आमच्या वावरात लय हायेत.' मी त्याला विचारले की जीवाश्म म्हणजे काय ते सांग, तर तो गप्प बसला. त्याचा मोठा भाऊ दहावीत आहे. त्याला व्याख्या तोंडपाठ आहे; पण त्या दगडाला जीवाश्म म्हणायचे हे काही त्याला सुचले नव्हते."

एका भावापाशी वस्तू होती, दुसऱ्यापाशी शब्द होता, आणि दोघे एकाच घरात राहत होते!

यानंतर आम्ही स्वतः काय केले तेही सांगितले पाहिजे. दगड हातात घेऊन आम्ही मोठ्या ऐटीत सांगितले, "हा फायसा प्रिन्सेपी. अंतरा-ट्रॅप थरातला गोड्या पाण्यातला गोगलगायवर्गीय मृदुकाय प्राणी." ताबडतोब सगळ्यांच्या वह्या उघडल्या. दोघांनी नावाचे लेखन विचारून घेतले. त्यानंतर तो दगड टेबलावर तसाच पडून राहिला. कोणीही तो पुन्हा हातात घेतला नाही. नाव मिळाले म्हणजे काम संपले, असा सर्वांचा समज झाला आणि तो समज आम्हीच करून दिला होता.

जीवाश्मांसाठी आपण मराठीत जे शब्द वापरतो ते मुलांना दगडाकडे नेतात की दगडापासून दूर नेतात, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या मनात आहे. या लेखात त्या शब्दांचीच तपासणी करावयाची आहे.

एकाच जिल्ह्यातले तीन खडक

यवतमाळ जिल्हा या तपासणीला फार सोयीचा आहे. जिल्ह्याचा बहुतेक भाग काळ्या कातळाने, म्हणजे दक्षिण ट्रॅपच्या बेसाल्टने व्यापलेला आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या सुमारास लाव्हाचे प्रवाह एकावर एक पसरत गेले आणि त्यांपासून हा खडक बनला. दोन प्रवाहांच्या मधल्या निवांत काळात तळी साचली, त्यांत गोगलगायी वाढल्या, काठावर झाडे आली. मग पुढच्या प्रवाहाने ते सारे झाकून टाकले. त्या तळ्यांच्या गाळाचे पातळ थर म्हणजे अंतरा-ट्रॅप थर. यवतमाळसह नागपूर, वर्धा, चंद्रपूर या जिल्ह्यांत शंखांचे दगड मिळतात ते अशा थरांतून.

पूर्वेकडे वणीच्या बाजूला गेले की खडक बदलतो. तेथे दगडी कोळशाच्या खाणी आहेत. हा कोळसा गोंडवन काळातला, सुमारे २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या जंगलांचा. त्याच परिसरात पैनगंगा गटाचा चुनखडकही आहे. तो इतका जुना आहे की तो बनला तेव्हा पृथ्वीवर शंख-शिंपले धारण करणारे प्राणीच नव्हते. म्हणून या चुनखडकात शंख शोधत बसणाऱ्याचे श्रम वाया जातात. अंतरा-ट्रॅप थरांतही काही ठिकाणी चुनखडक असतो व त्यात मात्र शंख भरपूर असतात. दोन्हींना आपण 'चुनखडी' म्हणतो आणि विद्यार्थी एकाच्या गोष्टी दुसऱ्याच्या नावावर लिहितो. शब्दांचा घोळ सुरू होतो तो येथून.

'जीवाश्म' या शब्दाचे गुणदोष

इंग्रजीतला 'फॉसिल' हा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचा अर्थ 'खणून काढलेले' एवढाच आहे. ॲग्रिकोला या जर्मन विद्वानाने १५४६ साली या नावाने ग्रंथ लिहिला, त्यात मुख्यतः खनिजांचे वर्णन आहे. जमिनीतून निघाले ते सारे त्याच्या दृष्टीने फॉसिल. त्या काळी युरोपात खडकांतून मिळणाऱ्या त्रिकोणी, टोकदार वस्तूंना 'जिभेचे दगड' म्हणत. १६६६ साली इटलीच्या किनाऱ्यावर पकडलेल्या एका मोठ्या शार्कचे डोके स्टेनो या शरीरशास्त्रज्ञाकडे विच्छेदनासाठी आले. त्याचे दात आणि जिभेचे दगड यांतले साम्य पाहून, हे दगड म्हणजे जुन्या शार्कचे दातच होत, असे त्याने १६६७ साली मांडले. म्हणजे युरोपात शब्द आधी आला, त्याचा आजचा अर्थ बऱ्याच वादविवादानंतर ठरला.

आपल्याकडे उलटे झाले. अर्थ ठरल्यावर शब्द घडवला गेला: जीव अधिक अश्म. शब्द सुटसुटीत आहे, उच्चाराला सोपा आहे, त्यावरून जीवाश्मविज्ञान, सूक्ष्मजीवाश्म असे पुढचे शब्द सहज बनतात. हे त्याचे गुण मान्य केलेच पाहिजेत. 'फॉसिल' हाच शब्द ठेवावा, असे आमचे म्हणणे नाही. परंतु 'जीवाश्म' हा शब्द निष्कर्ष आधी सांगून टाकतो. हा पूर्वी जीव होता, आता दगड आहे, असे तो म्हणतो. या दोन्ही गोष्टी प्रत्येक वेळी खऱ्या नसतात.

पहिली गोष्ट दगडाची. राळेत अडकून राहिलेला कीटक दगड झालेला नसतो. सायबेरियाच्या बर्फात सापडलेल्या मॅमथचे तर मांस व केसही टिकलेले असतात. जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथे अश्मयुगीन थरांत शहामृगाच्या अंड्यांच्या कवचाचे तुकडे मिळाले. आज भारतात शहामृग वन्य स्थितीत नाही, म्हणून ते फार महत्त्वाचे ठरले. ते तुकडे आजही कवचच आहेत.

दुसरी गोष्ट जीवाची. पाऊलखूण, बीळ, सरपटण्याची रेघ यांत प्राण्याच्या देहाचा कणही नसतो, तरी हे जीवाश्मच.

तिसरा दोष आम्हांला सर्वांत मोठा वाटतो. 'दगडात रूपांतर झाले' असे म्हटले की आपल्या मुलांपुढे अहल्येची शिळा उभी राहते. शाप मिळाला आणि देह दगड झाला, तसे काही गोगलगायीचे झाले असावे, असे चित्र त्यांच्या मनात तयार होते. पुस्तकांतून येणारा 'शिळारूप झालेले अवशेष' हा शब्दप्रयोग त्या चित्राला बळच देतो. प्रत्यक्षात काय घडते? मऊ भाग कुजून जातो. कवचात गाळ शिरतो. वर थर साचत जातात. जमिनीतल्या पाण्यात विरघळलेली सिलिका किंवा चुना हळूहळू पोकळ्यांत बसतो. कधी मूळ कवच विरघळून जाते व त्याच्या जागी दुसरे खनिज येते. कधी काहीच येत नाही आणि नुसती पोकळी उरते. 'रूपांतर' या एका शब्दाखाली हे सगळे वेगवेगळे प्रकार झाकले जातात. मुलाने विचारावयाचा प्रश्न हा की यातले मूळचे काय राहिले, काय गेले आणि बाहेरून काय आले? जो शब्द हा प्रश्न विचारू देत नाही त्याला वर्गात थोडे मागे बसवावे लागेल.

अश्म आणि अवशेष यांची गर्दी

'अश्म' हा शब्द आपण फार ठिकाणी वापरला आहे. अश्मयुग म्हणजे माणूस दगडाची हत्यारे वापरीत होता तो काळ. भारतात तो काही लाख वर्षे मागे जातो. डायनासोर त्याच्या कितीतरी आधी, ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी संपले होते. तरीही अश्मयुगातला माणूस डायनासोरची शिकार करतो अशी चित्रे मुले काढतात. त्यात चित्रपटांचा वाटा असेलच. पण जीवाश्म आणि अश्मयुग हे शब्द कानाला सख्खे भाऊ वाटतात, हेही एक कारण असावे.

'अवशेष' या शब्दाचेही तसेच. दहावीच्या विज्ञानात उत्क्रांतीच्या पुराव्यांत 'अवशेषांगे' येतात: माकडहाड, अक्कलदाढ, आंत्रपुच्छ ही जिवंत देहातली निरुपयोगी होत चाललेली अंगे. त्याच प्रकरणात जीवाश्मही येतात, आणि त्यांची व्याख्या 'अवशेष' या शब्दाने केली जाते. विद्यार्थ्याने 'अवशेषांगे म्हणजे दगडात सापडलेली अंगे' असे लिहिले तर त्याला हसू नये. शब्दाच्या फोडीवरून त्याने काढलेला तर्क अगदी सरळ आहे.

इंधनाच्या बाबतीत गोष्ट आणखी गमतीची आहे. वणीच्या मुलाला 'दगडी कोळसा' ठाऊक असतो. ट्रक रोज दारावरून जातात. भूगोलात तो 'खनिज' म्हणून शिकतो, विज्ञानात 'जीवाश्म इंधन' म्हणून शिकतो. तीन नावे एकाच वस्तूची आहेत हे त्याला कोणी सांगत नाही. कोळसा म्हणजे दाबला गेलेला झाडपाला आहे, आणि त्याच्या लगतच्या थरांत पानांचे ठसे मिळू शकतात, हे सांगण्याची सर्वांत चांगली जागा वणी होय.

गावात असलेले शब्द

परिभाषा घडवताना आपण संस्कृतकडे वळतो. त्यात गैर काही नाही. परंतु जीवाश्मांच्या वर्णनासाठी लागणारे बरेच शब्द गावातल्या कारागिरांपाशी आधीच आहेत आणि ते अचूक आहेत.

साचा हा शब्द घ्या. गणपतीची मूर्ती किंवा विटा करणाऱ्याला साचा म्हणजे काय आणि साच्यातून निघालेली वस्तू म्हणजे काय, यांतला फरक समजावून द्यावा लागत नाही. शंख गाळात रुतला, गाळ घट्ट झाला, नंतर शंख विरघळून गेला. गाळात राहिलेली पोकळी हा बाहेरचा साचा. त्या पोकळीत पुढे सिलिका भरली तर जे तयार होते ते ओतीव. शंखाच्या आत शिरून घट्ट झालेला गाळ हा आतला साचा. त्यावर कवचाची बाहेरची नक्षी दिसत नाही, कारण ती त्याला कधी लागलेलीच नसते. मुलांनी आणलेले 'शंखाचे गोटे' पुष्कळदा असे आतले साचे असतात. पानाच्या बाबतीत 'ठसा' हा शब्द पुरतो.

पाऊलखुणा, बिळे यांना एकत्रित नाव हवे असेल तर 'माग' यासारखा शब्द नाही. शिकारी माग काढतो, गुराखी हरवलेल्या जनावराचा माग काढतो. प्राणी निघून गेला आहे आणि त्याच्या वागण्याची खूण मागे राहिली आहे, हा अर्थ या दोन अक्षरांत पूर्ण आहे.

विष्ठेच्या जीवाश्माला परिभाषेत 'विष्ठाश्म' म्हणतात. शिक्षक हा शब्द घाईघाईने वाचून पुढे जातात. तो संकोच सोडला पाहिजे, कारण या विषयातली एक मोठी गोष्ट आपल्या शेजारीच घडली आहे. वर्धा नदीपलीकडे चंद्रपूर जिल्ह्यात, वरोरा तालुक्यातील पिसदुरा येथे अशा विष्ठेचे गोळे फार पूर्वीपासून सापडत आले आहेत. त्यांत गवताच्या पेशींत तयार होणारे सिलिकेचे सूक्ष्म कण असल्याचे भारतीय व स्वीडिश संशोधकांनी २००५ साली प्रसिद्ध केले. डायनासोरांच्या काळात गवत नव्हते, हा तोपर्यंतचा समज त्यामुळे बदलावा लागला. शेणात काय आहे ते पाहून जनावराने काय खाल्ले हे सांगणे शेतकऱ्याच्या मुलाला नवीन नाही. त्याला 'वाळून दगड झालेले शेण' असे आधी सांगावे. 'विष्ठाश्म' नंतर सांगता येईल.

येथे स्टीफन हिस्लॉप यांची आठवण येते. नागपुरात मिशनरी म्हणून आलेल्या या गृहस्थांनी सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह विदर्भ-नागपूर भागातले जीवाश्म गोळा केले. १८६० साली त्यांनी ट्रॅपमधल्या शंख-शिंपल्यांची वर्णने प्रसिद्ध केली. याच हिस्लॉप यांनी गोंड व इतर आदिवासी समाजांविषयी टिपणे केली व त्यांच्या भाषांतले शब्दही जमविले. ती टिपणे त्यांच्या मृत्यूनंतर, १८६६ साली छापली गेली. जीवाश्मांचा संग्रह आणि शब्दांचा संग्रह एकाच माणसाने केला, पण दोन्ही वेगळ्या खणांत राहिले. यवतमाळच्या शाळांत आजही गोंडी, कोलामी आणि बंजारा बोलणारी मुले आहेत. शंखाच्या दगडाला, गारगोटीला, पानाच्या ठशाला त्यांच्या घरी काय म्हणतात, हे शिक्षकाने विचारून लिहून ठेवले तर ते दोन खण थोडे जवळ येतील.

उजवा की डावा?

पारंपरिक शब्द चांगले असतात म्हणून ते तपासल्याशिवाय घ्यावेत, असे मात्र नाही. आमच्या टेबलावरच्या त्या शंखाचेच उदाहरण घेऊ. शंखाचे निमुळते टोक वर धरा व तोंड आपल्याकडे करा. फायसाचे तोंड डाव्या हाताला येते. तळ्यातल्या नेहमीच्या बहुतेक गोगलगायींचे ते उजव्या हाताला येते. म्हणून शास्त्राच्या भाषेत फायसा डाव्या वळणाचा, म्हणजे वामावर्ती.

आपल्या देवघरात मोल असते ते दक्षिणावर्ती शंखाला, कारण तो दुर्मिळ. शंखविज्ञानाच्या पुस्तकात पाहिले तर हा दक्षिणावर्ती शंख डाव्या वळणाचा म्हणून नोंदलेला आढळतो! यात कोणी चुकलेले नाही. परंपरेत शंख धरतात तो निमुळते टोक खाली करून. शास्त्रज्ञ धरतात ते टोक वर करून. शंख उलटा केला की डावीकडचे तोंड उजवीकडे जाते. म्हणून 'उजवा' किंवा 'डावा' एवढेच लिहिणे अपुरे आहे, कसा धरला तेही लिहिले पाहिजे. वर्णनाच्या भाषेचा हा पहिला धडा आहे आणि तो शिकविण्यासाठी तळ्यातला एक रिकामा शंख पुरेसा आहे.

नाव म्हणजे वर्णन नव्हे

आता शास्त्रीय नावांकडे वळू. या नावांचा अर्थ सांगण्याची आपल्याला फार हौस असते. डायनासोर म्हणजे 'भयानक सरडा', असे प्रत्येक पुस्तकात असते. रिचर्ड ओवेन यांनी १८४२ साली हे नाव दिले हे खरे. पण डायनासोर सरडे नव्हते. अर्थ पाठ करणारा विद्यार्थी नेमकी चुकीची गोष्ट पाठ करतो.

कोळशाच्या थरांतले ग्लॉसोप्टेरिस पाहा. नावाचा अर्थ 'जिभेसारखे नेचे'. पान जिभेसारखे आहे हे ठीक. पण ही वनस्पती नेचे नव्हती, ती बीजधारी होती. पानाला जोडलेले प्रजननाचे अवयव दक्षिण आफ्रिकेत एडना प्लमस्टेड यांनी १९५२ साली दाखवून दिले. त्याच थरांत मणक्यांच्या माळेसारखा दिसणारा एक जीवाश्म मिळतो. त्याला व्हर्टेब्रेरिया, म्हणजे मणक्याचा, असे नाव पडले. पुढे कळले की ती ग्लॉसोप्टेरिसचीच मुळे आहेत. एकाच झाडाच्या पानाला एक नाव आणि मुळाला दुसरे, कारण ती दगडात सुटी सुटी सापडली. 'या खाणीत दोन वनस्पती होत्या' असे आपण नावांवरून लिहिले तर ते चूक ठरेल.

वर्धा खोऱ्यातील मांगली येथील एका कवटीचे वर्णन याच ओवेन यांनी १८५५ साली केले. नाव दिले ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स: आखूड चेहऱ्याचा, रुंद डोक्याचा. लेखाच्या शीर्षकात त्यांनी त्याला सरीसृप म्हटले होते. आज तो उभयचर मानला जातो. समज बदलला, नाव तेच राहिले. याच्या उलट चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगावच्या डायनासोरचे झाले. १९९७ साली त्याला टायटॅनोसॉरस कोल्बर्टी म्हटले गेले. २००३ साली तो वेगळ्या प्रजातीचा ठरला आणि इसिसॉरस कोल्बर्टी झाला. नावातला पहिला भाग कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून आला आहे. संख्याशास्त्राच्या संस्थेचे नाव डायनासोरला, हे ऐकून मुले हसतात व नाव विसरत नाहीत. आमच्या शंखाचेही तसेच. सॉवर्बी यांनी १८४० साली दिलेले फायसा प्रिन्सेपी हे नाव बदलून अलीकडचे अभ्यासक त्याला प्लॅटिफायसा प्रिन्सेपी म्हणतात. शिबिरात वह्यांत उतरवून घेतलेले नाव आता दुरुस्त करावे लागेल. शंखाचे डावे वळण मात्र दुरुस्त करावे लागणार नाही.

शास्त्रीय नावे परकीच असतात असेही नाही. छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगाव कलान येथल्या अंतरा-ट्रॅप थरातील एका कोड्यात टाकणाऱ्या फळाला डॉ. बिरबल साहनी यांनी एनिग्मोकार्पॉन, म्हणजे 'कोड्याचे फळ', असे नाव दिले. साहनींच्या सन्मानार्थ एका फुलाच्या जीवाश्माला साहनीपुष्पम् हे नाव मिळाले, त्यात पुष्प हा आपला शब्द जगभर गेला. गोंडवन हे नाव तर गोंडांच्या देशावरून भूविज्ञानाला मिळाले. आपल्या जिल्ह्यातल्या गोंड विद्यार्थ्याला ही गोष्ट कोणी सांगितली आहे काय?

वृत्तपत्रांची भाषा

गेल्या काही वर्षांत वणीच्या परिसरातून जीवाश्म मिळाल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत येत असतात. ही आनंदाची गोष्ट आहे, कारण त्यामुळे विषय चावडीवर पोहोचतो. परंतु बातम्या वर्गात वाचून दाखविताना चार गोष्टी तपासून घ्याव्यात.

पहिली, प्रजाती आणि जाती. मराठी पाठ्यपुस्तकांत वर्गीकरणाचा मोठा गट प्रजाती आणि त्यातला लहान गट जाती. वृत्तपत्रांत हिंदीच्या प्रभावाने लहान गटालाच 'प्रजाती' म्हणतात. 'नवी प्रजाती सापडली' या वाक्याचे त्यामुळे दोन अर्थ होतात आणि दोहोंत बराच फरक आहे. दुसरी, आकडे. इंग्रजीतले ६६ मिलियन म्हणजे ६ कोटी ६० लाख. ते घाईत ६६ कोटी होते आणि वय दहापट वाढते. तिसरी, वय काढण्याची रीत. जुन्या कोणत्याही वस्तूचे वय 'कार्बनने' काढतात असे मुलांना वाटते. कार्बन-१४ चा अर्धायुकाल ५,७३० वर्षे आहे व ही पद्धत साधारण ५० हजार वर्षांपर्यंतच चालते. ६ कोटी ६० लाख वर्षांत साडेअकरा हजार अर्धायुकाल होऊन जातात. मोजायला काही उरत नाही. ट्रॅपचे वय खडकातल्या पोटॅशियम आणि आर्गॉनवरून काढले जाते.

चौथी गोष्ट विशेषणांची: दुर्मिळ, मौल्यवान, सर्वांत जुने. 'मौल्यवान' वाचून काही जण कुदळ घेऊन निघतात. थरातून उपटून आणलेल्या शंखाचे वैज्ञानिक मोल निम्म्याहून कमी होते, कारण तो कोणत्या थरात, कशाच्या खाली व कशाच्या वर होता हे पुन्हा सांगता येत नाही. दुसऱ्या बाजूला, ज्यांना शब्दच ठाऊक नाही त्यांच्या हातून तेच दगड बांधाला लागतात, खडी होऊन रस्त्यात जातात. शब्दांची चर्चा आम्हांला महत्त्वाची वाटते ती यासाठी. थर एकदाच असतो.

वर्गात काय करता येईल?

आमची सूचना साधी आहे. वर्गात दगड आला की पहिल्या दिवशी त्याचे नाव सांगू नये. मुलांकडून पाच गोष्टी लिहून घ्याव्यात. दगड कोठे मिळाला: गाव, शेत, नाला, विहीर, जागेवर घट्ट होता की सुटा पडलेला? दगडात काय दिसते, ते रोजच्या शब्दांत आणि मापासह. शंख असेल तर कसा धरून पाहिला तेही. मूळ वस्तू राहिली आहे, की साचा, ओतीव, ठसा किंवा माग आहे? आज जिवंत असलेल्या कशासारखे ते दिसते आणि फरक काय? आणि शेवटी, हे जीवाश्म नसेलही, असे मानण्यास काही कारण आहे काय?

हा पाचवा प्रश्न गाळू नये. चुनखडकाच्या फरशीवर झाडाच्या फांदीसारखी काळी नक्षी पुष्कळदा दिसते. ती हुबेहूब वनस्पती वाटते. पण ती फटीत झिरपलेल्या मँगनीजच्या संयुगांची नक्षी असते. पानाला शिर असते, देठ असतो. या नक्षीला ते नसतात. 'जीवाश्म' हा शब्द आधी उच्चारला की हा शोध घेण्याची इच्छाच राहत नाही.

पाचही उत्तरे झाल्यावर दुसऱ्या दिवशी 'जीवाश्म' हा शब्द द्यावा, त्याची फोड करावी आणि आपल्या दगडाला तो कितपत लागू पडतो हे मुलांनाच विचारावे. शास्त्रीय नाव सर्वांत शेवटी. जागेवरचा मोठा जीवाश्म आढळला तर तो फोडू नये. छायाचित्र व नोंद करून जवळच्या महाविद्यालयातील भूविज्ञान विभागाला कळवावे.

शिबिराच्या शेवटच्या दिवशी आम्ही तो दगड पुन्हा मागून घेतला आणि या वेळी नाव न घेता सर्वांच्या हातांतून फिरवला. शंखाचे तोंड डावीकडे आहे हे मागच्या बाकावरच्या एका शिक्षिकेच्या लक्षात आले. त्या म्हणाल्या, "आमच्या तळ्यातले असे नसतात." फायसा प्रिन्सेपी हे नाव सांगून आम्ही जे दाखवू शकलो नव्हतो ते त्यांनी स्वतः पाहिले होते. दगड आणणाऱ्या शिक्षकांनी तो परत पिशवीत ठेवला. सोमवारी त्या मुलाला घेऊन वावरात जाऊन तो कोणत्या थरातून आला ते पाहणार असल्याचे त्यांनी सांगितले. दहावीतल्या भावालाही सोबत न्या, एवढेच आम्ही सुचविले.